'पण लक्षात कोण घेतो': १३० वर्षांपूर्वीच्या यमूची गोष्ट आजही का वाचावी?

सहावीत शिकणारी मुलगी साधारण किती वर्षांची असते? अकरा-बारा. तिच्या डोक्यात काय चाललेलं असतं? चाचणी परीक्षा, मैत्रिणीशी झालेलं भांडण, यंदाची सहल कुठे जाणार.

आता १८९१ सालात जाऊ. त्या वर्षाच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईपासून कलकत्त्यापर्यंतची शिकलेली माणसं नेमक्या याच वयाच्या मुलीवरून भांडत होती. प्रश्न असा होता की, लग्न झालेल्या मुलीशी नवऱ्याने शरीरसंबंध ठेवायचा, तर तिचं वय किमान किती असावं? दहा की बारा?

वाचताना चूक झालेली नाही. वाद दहा की बारा, असाच होता.

सभा होत होत्या, अग्रलेख लिहिले जात होते, शास्त्रातले दाखले काढले जात होते. सरकार बोलत होतं, सुधारक बोलत होते, त्यांचे विरोधक बोलत होते. जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं, ती मुलगी मात्र माजघरात होती. तिला विचारायला फारसं कुणी गेलं नाही.

त्याच काळात पुण्याच्या एका साप्ताहिकात एक कादंबरी भागाभागाने छापून येत होती. ती सांगणारी होती एक मुलगी. नाव यमू. कादंबरीचं नाव 'पण लक्षात कोण घेतो' आणि लेखक हरि नारायण आपटे.

या कादंबरीचं नाव शाळेत मराठीच्या तासाला अनेकांनी ऐकलेलं असतं, वाचलेली मात्र थोड्यांनीच असते. ती लिहिली गेली तेव्हा चालू काळाबद्दलच होती. आज ती वाचताना एका बदलत्या समाजात वाढणाऱ्या मुलामुलींचा इतिहासच हाती येतो.

आधी थोडक्यात गोष्ट

कादंबरी जुनी आहे, त्यामुळे शेवट इथे लपवलेला नाही.

यमू पुण्यातल्या ब्राह्मण घरातली मुलगी. लहानपण भावासोबत, म्हणजे दादासोबत खेळण्यात जातं. दुर्गी नावाची मैत्रीण असते. मग लहान वयातच लग्न होतं आणि यमू सासरी जाते.

नवरा रघुनाथराव शिकणारा, नव्या विचारांचा. बायकोने लिहावं-वाचावं असं त्याला मनापासून वाटतं. पण घरावर सत्ता मोठ्या माणसांची. त्यांतले शंकरमामंजी हे मराठी कादंबरीतल्या सर्वांत कुप्रसिद्ध पात्रांपैकी एक. पुढे यमू आणि रघुनाथराव मुंबईला बिऱ्हाड करतात. तिथे तिला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता येतो. नवऱ्याशी मोकळेपणाने बोलणं, वाचन, बाहेर फिरायला जाणं, चार समविचारी माणसांत बसणं.

हे सुख फार टिकत नाही. रघुनाथराव वारतो. यमूला पुन्हा त्याच जुन्या घरात यावं लागतं आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचं केशवपन केलं जातं. त्या धक्क्यातून ती सावरत नाही. कादंबरी तिच्या मृत्यूपाशी संपते.

दुर्गीच्या वाट्याला तर मुंबईसारखे थोडे बरे दिवसही येत नाहीत. तिचा नवरा वाईट निघतो आणि तिचं आयुष्य त्या छळात जातं. दोन मैत्रिणी, दोन नवरे. एकीचं नशीब चांगलं, एकीचं वाईट. पण दोघींपैकी एकीलाही स्वतःच्या आयुष्याबद्दल काही ठरवता येत नाही.

लिहिणारा कोण होता?

हरि नारायण आपटे यांचा जन्म १८६४ सालचा, खानदेशातल्या पारोळ्याचा. शिक्षण पुण्यात झालं. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना आगरकरांसारखे शिक्षक मिळाले. पुढे कॉलेजात गेले, पण पदवी काही हाती लागली नाही.

१८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय होतं २६. म्हणजे आज जे वय पहिल्या-दुसऱ्या नोकरीचं मानलं जातं, त्या वयात या माणसाने स्वतःचं साप्ताहिक काढलं आणि त्यात मराठीतली एक महत्त्वाची कादंबरी लिहायला घेतली. १८९० ते १८९३ या काळात ती क्रमशः प्रसिद्ध झाली.

क्रमशः हा मुद्दा महत्त्वाचा आहे. 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्यात समाजसुधारणेवरून तलवारी निघाल्या होत्या. तिथे मुद्दे होते, प्रतिमुद्दे होते. 'करमणूक' मात्र घरात वाचलं जाणारं पत्र होतं. त्यातून यमू भागाभागाने लोकांच्या घरात येत राहिली. अग्रलेखाला प्रत्युत्तर देता येतं. समोर बसून आपली हकिगत सांगणाऱ्या मुलीला काय प्रत्युत्तर देणार?

तेव्हाचा वाद नेमका काय होता?

१८६० च्या भारतीय दंड विधानानुसार दहा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध हा बलात्कार मानला जाई, मग ती बायको असली तरी. दहा वर्षं पूर्ण झाली की कायद्याचं संरक्षण संपत असे.

१८८४ मध्ये मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि वैधव्य या विषयांवर टिपणं प्रसिद्ध केली आणि देशभर चर्चा सुरू झाली. मग कलकत्त्यातली एक घटना समोर आली. फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधात झालेल्या जखमांनी दगावली. नवरा वयाने तिच्या तिप्पट. १८९० मध्ये खटला चालला. मुलीने दहा वर्षं ओलांडली असल्यामुळे बलात्काराचं कलम लागू शकलं नाही. नवऱ्याला झाली फक्त एक वर्षाची सक्तमजुरी.

जानेवारी १८९१ मध्ये सरकारने विधेयक आणलं. वयाची अट दहावरून बारा करायची, इतकाच त्याचा गाभा. यालाच संमतिवयाचा कायदा म्हणतात. १९ मार्च १८९१ रोजी तो मंजूर झाला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा कायदा लग्नाच्या वयाचा नव्हता. लग्न पाचव्या वर्षी लावलं तरी चालत होतं. कायद्याचा संबंध फक्त शरीरसंबंधाशी होता.

विरोध करणाऱ्यांचे मुद्दे मुख्यतः दोन. पहिला धर्माचा. मुलीला पाळी आल्यावर ठरावीक काळात गर्भाधान संस्कार व्हावा, असं शास्त्र सांगतं असा त्यांचा दावा होता. पाळी बाराच्या आधी आली तर काय करायचं? दुसरा मुद्दा राजकीय. परक्या सरकारने आमच्या घरात का शिरावं? लोकमान्य टिळकांचा भर या दुसऱ्या मुद्द्यावर मोठा होता. सुधारणा समाजाने आतून करावी, सरकारी कायद्याने नको, ही त्यांची भूमिका.

बाजूने बोलणाऱ्यांत आगरकर होते, न्यायमूर्ती रानडे होते. संस्कृतचे मोठे पंडित रा. गो. भांडारकर यांनी तर धर्मग्रंथांचाच आधार घेऊन दाखवलं की, मुलगी मोठी झाल्यावर लग्न करायला शास्त्राची आडकाठी नाही.

हा सगळा वाद एका आकड्याभोवती फिरत होता. कादंबरीचं वेगळेपण इथे आहे. यमूची गोष्ट आकड्याबद्दल नाहीच. समजा, कायद्याने वय बारा केलं. चौदा केलं. तरी सासरच्या उंबऱ्याच्या आत कोण कुणाशी बोलू शकतं, कोण ठरवतं, कोण गप्प बसतं, यात काय बदललं? यमूवरचा शेवटचा अत्याचार तिचं वय कमी असल्यामुळे होत नाही. त्या घरात तिच्या 'नाही'ला किंमत नसते, म्हणून तो होतो.

खऱ्या यमू कोण होत्या?

कादंबरी काल्पनिक असली तरी तिच्या आसपास खऱ्या मुली होत्या.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, म्हणजे आपट्यांच्याच वयाच्या. अकराव्या वर्षी लग्न झालं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. न कळत्या वयात लावलेलं लग्न मला मान्य नाही, असं त्यांचं म्हणणं. १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण अपिलात तो फिरला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या.

खटल्याच्या काळात रखमाबाईंनी वृत्तपत्रात पत्रं लिहिली, ती स्वतःच्या नावाने नव्हे, 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने.

दुसरं नाव रमाबाई रानडे यांचं. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी विधवेशी नव्हे, ११ वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. मग बायकोला शिकवायला घेतलं. ती शिकते म्हणून घरातल्या बायकांनी तिला किती बोल लावले, हे रमाबाईंनी पुढे १९१० मध्ये आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. त्या आठवणी वाचताना यमूचं सासर डोळ्यांपुढे येतं.

आणि मुलग्यांचं काय?

ही कादंबरी फक्त मुलींची आहे असं वाटेल, पण तसं नाही. दादा आणि रघुनाथराव हे वाढत्या वयातले तरुण आहेत. बाहेर नवं शिक्षण, नवी पुस्तकं, समतेच्या गप्पा. घरी आल्यावर वडीलधाऱ्यांपुढे मान खाली.

त्या काळात मोठ्यांसमोर बायकोशी बोलणंसुद्धा बेशरमपणाचं मानलं जाई. नवऱ्याचं नाव घेणं तर दूरच. म्हणजे नवऱ्याला बायकोला पुस्तक द्यायचं असेल, तर तेही लपून. या मुलांना काय चुकतंय हे कळतं, पण घरात उभं राहून ते बोलण्याची ताकद त्यांच्यात नसते. पैसा मोठ्यांकडे, घर मोठ्यांचं. मुंबईचं बिऱ्हाड म्हणूनच महत्त्वाचं ठरतं. विचार बदलून पुरत नाही, स्वतःची कमाई आणि स्वतंत्र घर लागतं, हे कादंबरी उपदेश न करता दाखवते.

आणि त्या स्वातंत्र्याची मर्यादाही दाखवते. यमूचं सुख एका माणसाच्या जिवावर उभं असतं. तो गेला की सगळं जातं. चांगला नवरा मिळणं म्हणजे हक्क मिळणं नव्हे.

केशवपन म्हणजे काय, आणि ते कोण रोखत होतं?

नवरा वारल्यावर बायकोचे केस कायमचे काढायचे, तिने विशिष्ट रंगाची साधी वस्त्रं नेसायची, दागिने-कुंकू सोडायचं, शुभकार्यात पुढे यायचं नाही. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ मध्येच मान्यता दिली होती. पण कायद्यात असणं वेगळं आणि घरात चालणं वेगळं.

याविरुद्धचा एक लढा आजही फारसा सांगितला जात नाही. १८९० मध्ये, म्हणजे 'करमणूक' सुरू झालं त्याच वर्षी, मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचे केस कापणार नाही असा पवित्रा घेतला. त्यामागे सत्यशोधक कार्यकर्ते आणि कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे होते. ज्यांच्या हाती वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवायचं ठरवलं.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होती गोदूबाई नावाची तरुण विधवा. ११ मार्च १८९३ रोजी तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. जातभाईंनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. पण बाया कर्वे म्हणून ती पुढे दीर्घ आयुष्य जगली.

कादंबरी पूर्ण झाली ते वर्षही १८९३. कादंबरीतली यमू मरते, खऱ्या जगातली गोदूबाई संसार मांडते. फरक कुठे पडला? गोदूबाईला राहायला जागा होती, शाळा होती, बाजूने उभी राहणारी माणसं होती. यमूला यातलं काही मिळत नाही.

कादंबरी कुठे कमी पडते?

दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

एक, यमूचा आवाज एका पुरुषाने लिहिलेला आहे. आपट्यांनी तो विलक्षण जिवंत केला, पण तो पहिला नव्हता. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला होता. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना थेट जाब विचारला होता. म्हणजे मुली आणि बायका बोलत होत्या. ऐकणारे कमी होते.

दोन, हे जग मुख्यतः शहरी ब्राह्मण घराचं आहे. त्या घराबाहेर जात, कष्ट, भूक यांच्याशी झगडत मोठ्या होणाऱ्या मुलामुलींची गोष्ट यात नाही. 'तेव्हाचा महाराष्ट्र असा होता' असं म्हणून ही कादंबरी वाचली तर फसगत होईल. तेव्हाच्या महाराष्ट्रातलं एक घर असं होतं, असं म्हणून वाचली तर ती खूप काही देते.

त्यानंतर आकडा कुठवर आला?

१९२९ च्या सारडा कायद्याने पहिल्यांदा लग्नाचंच किमान वय ठरलं. मुलीसाठी १४, मुलासाठी १८. १९७८ मध्ये ते १८ आणि २१ झालं. २००६ मध्ये बालविवाह रोखण्यासाठी अधिक कडक कायदा आला. मुलींचंही वय २१ करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक रद्द झालं.

आता प्रत्यक्षात काय? २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आधी झालं होतं. म्हणजे दर पाच जणींमागे एकीपेक्षा थोडं जास्तच. देशाचा आकडा २३.३ टक्के. आधीच्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा २६.३ टक्के होता. घट आहे, पण कायदा अठरा म्हणतो याला आता चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे.

वैधव्याचं सांगायचं तर, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. नवरा वारल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करायच्या. त्यानंतर राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. या ठरावाचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण २०२२ मध्ये असा ठराव करावा लागला, हेही त्यातूनच कळतं.

मग वाचायची कशी?

आपटे १९१९ मध्ये वारले, त्यामुळे कादंबरीवरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे आणि ती सहज मिळते. सुरुवात संथ वाटेल. वाक्यं लांब आहेत, शब्द जुने आहेत. पण यमू बोलते ती घरातली बोली. चार प्रकरणं नेटाने वाचली की तिचा सूर कानाला सवयीचा होतो. घरात आजी किंवा पणजी असेल, तर काही शब्दांचे अर्थ तिला विचारता येतील. सासर, सोवळं, नवऱ्याचं नाव न घेणं, यातलं बरंच तिने पाहिलेलं किंवा ऐकलेलं असेल.

तेवढ्यात आणखी एक विचारता येईल. लग्न ठरलं तेव्हा तू किती वर्षांची होतीस, आणि तुला कुणी विचारलं होतं का?